पाणी गेलं, पण मशीनला कळलं नाही

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आत्याचा फोन आला. ती इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते, मी जवळच राऊला. "अगं, मशीन पुन्हा अडून बसलंय. कपडे चिंब, आणि ते नुसतं पीं-पीं करतंय. नवीनच घेऊन टाकू का?"

'पुन्हा' म्हणाली म्हणून खोदून विचारलं, तेव्हा पंधरा दिवसांची हकिगत बाहेर आली. दोन मेकॅनिक येऊन गेले होते. एक मोटर बदलून झाली होती, 1,450 रुपये गेले होते आणि दुसऱ्याने बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, बदलायला 4,800 सांगितले होते. मशीन नऊ वर्षांचं, साडेसहा किलोचं, वरून कपडे टाकायचं, फुली ऑटोमॅटिक. घरात माणसं दोनच. पण आत्याचं उजवं मनगट तीन वर्षांपूर्वी मोडलं होतं, त्यामुळे चादर तर सोडाच, तिला टॉवेलही पिळता येत नाही. मशीनने धुतलं आणि पिळलं नाही, तर तिच्या दृष्टीने ते बंदच पडलेलं असतं. त्या रविवारी आतोबांनी बाथरूमच्या नळावर चादर अडकवून दोन्ही हातांनी पिळली आणि संध्याकाळी कंबर धरून बसले. आता नीटच बघायचं असं मी त्याच दिवशी ठरवलं.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात प्रेशर गेज तपासायचं काम करते. वॉशिंग मशीन हा काही माझा धंदा नाही. पण या प्रकरणाचा निकाल शेवटी माझ्याच कामातल्या एका रोजच्या गोष्टीवर लागला, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी काय घडलं होतं

पहिला बिघाड असा: मशीन पाणी घेतं, घुसळतं, पाणी सोडतं आणि पिळायच्या ऐवजी थांबून राहतं. बऱ्याच वेळाने आवाज करतं आणि पडद्यावर निचऱ्याच्या बिघाडाचा कोड येतो. आत्याने फोनवर मेकॅनिकला तो कोड वाचून दाखवला. तो तिसऱ्या दिवशी आला तोच ड्रेन मोटर, म्हणजे निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडणारी मोटर, घेऊन. "आंटीजी, ड्रेन मोटर खिंच नहीं रही," असं म्हणून त्याने ती बदलली, मशीन रिकामंच सगळ्यात कमी पाण्यावर चालवलं, त्याने छान पिळून दाखवलं. पैसे दिले. पुढचे दोन-तीन दिवस दोघांचे साधे कपडे होते, तेही निघाले. रविवारी चादरी टाकल्या आणि मशीन परत थांबलं.

दुसरा मेकॅनिक आला. ड्रेन मोटर नवी, पाइप मोकळा, पाणी जातंय, तरी कोड येतोय. मग राहिला बोर्ड. या अनुमानात तर्क आहे, ते मी नाकारत नाही. फक्त तो जे दिसलं त्यावरून काढलेला नाही, बाकीचं वजा करून जे उरलं त्यावर बोट ठेवलेलं आहे. आणि वजा करताना एक भाग मोजायचाच राहून गेला होता.

दोन तक्रारी, ज्या कोणी एकत्र ठेवल्या नव्हत्या

फोन आला त्याच संध्याकाळी मी पोचले तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर बॅगेतच राहू दिला. आत्याला शेजारी बसवलं आणि विचारलं, गेल्या दोन-तीन महिन्यांत मशीन काय काय वेगळं करतंय, मशीनशी संबंध नाही असं वाटलं तरी सांग.

तिने तीन गोष्टी सांगितल्या. एक, रात्री थांबलेलं मशीन सकाळी नुसतं 'स्पिन'वर लावलं की मुकाट पिळतं. दोन, थोडे कपडे असले की बहुतेक वेळा नीट चालतं, चादरी-टॉवेल असले की अडतं. तिसरी गोष्ट तिने मशीनची म्हणून सांगितलीच नाही. ती म्हणाली, "आणि हल्ली टंकी पुरत नाही गं. नर्मदा दिवसाआड येते, आधी दोन दिवस आरामात जायचं. आता दुसऱ्या दिवशी दुपारीच बोरिंग चालू करावं लागतं."

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे नळाच्या पाण्याला सरळ 'नर्मदा'च म्हणतात. 1978पासून जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पाणी पंपांनी वर चढवून शहरात आणतात. ते मोजून मिळतं, म्हणून प्रत्येक घरात टंकीचा हिशेब पक्का असतो. आत्याचा हिशेब चुकत नाही. पाणी जास्त लागतंय असं ती म्हणाली, तर ते लागतच असणार.

मी उलटून विचारलं, "मशीन पाणी जास्त घेतं का?"

ती क्षणभर थांबली. "हो की! मधल्या खुणेवर लावलं तरी वरपर्यंत भरतं. मला वाटलं, नळाला जोर आलाय."

इथे माझ्या मनात प्रकरण जवळजवळ सुटलं. पाणी भरताना मशीनला 'भरलं' हे उशिरा कळतं. पाणी सोडताना 'रिकामं झालं' हेही उशिरा कळतं. एक तक्रार जास्त पाण्याची, दुसरी पाणी गेलं तरी न मानण्याची. वरवर दोन्ही उलट दिशांच्या वाटतात, पण दोन्हींत उशीरच आहे. ड्रेन मोटर बिघडली तर पाणी जास्त भरणार नाही. बोर्ड बिघडला तर तो दोन्हीकडे असा नेमका उशीर करेल आणि रात्रभर विश्रांती घेऊन सकाळी शहाणा होईल, हे मला पटेना. आमच्या कारखान्यात एखादं गेज असं रेंगाळायला लागलं, दाब वाढला तरी काटा सावकाश चढतो आणि दाब गेला तरी सावकाश उतरतो, तर कोणी गेज बदलत नाही. आधी गेजकडे जाणारी नळी बघतात. ती चोंदलेली असते.

मशीनला पाणी कसं कळतं

बादलीत पेला उपडा धरून खाली दाबला की आतली हवा कोंडते आणि हाताला विरोध जाणवतो. जितकं खोल, तितका विरोध जास्त. मशीनच्या बाहेरच्या टबच्या तळाशी असाच एक छोटा कप्पा असतो, खालून पाण्याला उघडा आणि वरून बंद. त्याच्या वरच्या टोकाला पेन्सिलीएवढ्या जाडीची रबरी किंवा पारदर्शक नळी जोडलेली असते. ती मशीनच्या मागच्या बाजूने वर जाते आणि कंट्रोल पॅनेलच्या आत एका चपट्या गोल सेन्सरला मिळते. टबमध्ये पाणी चढलं की कप्प्यातली हवा दाबली जाते, तो दाब नळीतून सेन्सरच्या पडद्यावर येतो, पडदा किंचित फुगतो. जुन्या मशीनमध्ये त्या पडद्याने स्विच दाबला जायचा. आताच्या मशीनमध्ये पडद्याला चिकटलेला चुंबकीय गाभा एका कॉइलमध्ये सरकतो आणि बोर्डाला मिळणारी फ्रीक्वेन्सी बदलते. पाणी वाढलं की ती कमी होते.

हा दाब किती लहान असतो याचा अंदाज यावा म्हणून सांगते: 24 सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे आपल्या आजूबाजूच्या हवेच्या दाबाच्या सुमारे अडीच टक्के. एवढ्याशा फरकावर मशीन ठरवतं की नळ बंद करायचा की नाही, टब रिकामा झाला की नाही. नळीच्या तोंडाशी चिमूटभर गाळ बसला, तरी निरोप वेळेवर पोचत नाही.

आणि टब रिकामा झाल्याचा निरोप मिळेपर्यंत मशीन पिळायला लागत नाही. ते बरोबरच आहे, कारण पाण्याने भरलेला टब मिनिटाला साडेसहाशे-सातशे फेऱ्यांनी फिरवला तर मोटर आणि ती टबाला जोडणारा क्लच दोन्ही जातील. म्हणजे मशीन आज्ञाधारकपणे वाट बघत होतं.

तपासणी

अनुमान कितीही पटलं तरी ते तपासल्याशिवाय धरायचं नाही, ही सवय मला कामाने लावली आहे.

पहिली मोजणी पट्टीने केली. रिकाम्या मशीनला मधल्या पातळीवर पाणी घ्यायला लावलं. नळ थांबला तेव्हा स्टीलची पट्टी टबात उभी धरली: 31 सेंटिमीटर. पाणी तसंच ठेवून टबाच्या कडेला पेन्सिलीने खूण केली.

मग मशीन निचऱ्यावर टाकलं आणि मोबाइलचं घड्याळ लावलं. पाणी जायला तीन मिनिटांच्या आतबाहेर लागली. हात घालून बघितला, तळाशी फक्त ओल. मागे ड्रेन मोटरचा बारीक गुणगुणाट चालूच होता, म्हणजे ती व्हॉल्व्ह उघडा धरून बसली होती. चार मिनिटं, सहा, आठ. आत्या म्हणाली, "बघ, हे असंच." बाराव्या मिनिटानंतर आवाज झाला आणि कोड आला. ही बारा मिनिटं याआधी कोणी उभं राहून पाहिलीच नव्हती. मेकॅनिकला दिवसाला पाच-सहा घरं करायची असतात, तो कोड ऐकून भाग घेऊन येतो. त्यात त्याची अडचण मला समजते. पण घरच्या माणसाकडे वेळ असतो, आणि अशा बिघाडात वेळ हेच खरं हत्यार आहे.

आता निर्णायक चाचणी. कोड आलेला असतानाच प्लग काढला. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढायचा, कारण जुन्या घरांत स्विच कधी कधी न्यूट्रलवर असतो. काही मिनिटं थांबले, कारण मोटरच्या कपॅसिटरमध्ये वीज राहिलेली असू शकते. पॅनेलचे मागचे दोन स्क्रू काढून ते पुढच्या बाजूला उचललं. गोल सेन्सर समोरच होता. नळी सेन्सरपासून दोन बोटं खाली चिमटीत घट्ट धरली, सेन्सरवरून ओढून काढली, तिचं टोक साबणाच्या पाण्याने भरलेल्या वाटीत बुडवलं आणि चिमटी सोडली.

चार बुडबुडे आले. पहिला बोराएवढा, मग लहान, मग आणखी लहान, आणि शेवटचा वाटीच्या कडेला चिकटून राहिला.

टब दहा मिनिटांपासून रिकामा होता. त्या नळीत दाब असायचं काहीच कारण नव्हतं. तरी तिथे कोंडलेली हवा होती, आणि सेन्सर इमानदारीने तेच सांगत होता की पाणी आहे. आत्या वाकून बघत होती. म्हणाली, "म्हणजे बिचाऱ्याला खोटा निरोप जात होता."

नळीचं टोक कोरडं करून परत बसवलं, प्लग लावला, फक्त 'स्पिन' दाबलं. टब लगेच फिरायला लागला. बोर्ड, मोटर, क्लच, झाकणाचा स्विच, सगळं ठीक असल्याचा पुरावा त्या एका फिरण्यात मिळाला.

पहिल्या मेकॅनिकची चाचणी का पास झाली, तेही आता उलगडलं. तो तिसऱ्या दिवशी आला, तोवर अडकलेला दाब गाळातून झिरपून संपला होता. आणि त्याने कमी पाण्यावर चालवून बघितलं, तेव्हा दाब मुळातच थोडा होता, तो लवकर उतरला. चादरींना पाणी वरपर्यंत लागतं, दाब जास्त, उतरायला वेळ जास्त. आत्याने सांगितलेली एकही गोष्ट या हिशेबाबाहेर उरली नाही.

साफसफाई

यात कौशल्य फारसं नाही, जपणूक आहे. पुन्हा प्लग काढला. वरून सेन्सरची नळी सोडवली. औषधाच्या दुकानातून आणलेली 20 मिलिलीटरची सुई नसलेली सिरिंज कोमट पाण्याने भरून नळीच्या टोकाला लावली आणि हळूहळू दाबलं. दट्ट्या जागचा हलेना. जोर वाढवायचा मोह होतो, पण खालचा सांधा सुटला तर मशीन आडवं करून सगळं उघडावं लागतं. म्हणून दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं असं दहा-बारा वेळा केलं. मग एकदम काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि सिरिंज रिकामी झाली. त्यानंतर सहा-सात सिरिंजा पाणी सरळ गेलं.

एक काळजी इथे सांगायलाच हवी. फुंकर, सिरिंज, पंप, काहीही करायचं ते नळी सेन्सरवरून काढल्यावर आणि नळीच्याच बाजूने. सेन्सरचा पडदा अडीच-तीन टक्क्यांच्या दाबासाठी बनलेला असतो, जोराने फुंकलं तरी तो फाटू शकतो.

निचऱ्याच्या पाइपाच्या तोंडाला मी चहाचं जुनं गाळणं धरलं होतं. त्यात करड्या-पांढऱ्या रंगाचा, फाटलेल्या दह्यासारखा गाळ आला. बोटांत चोळला तर मऊ, पण आत बारीक खर लागत होती. चिमूटभर गाळ लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकला, तर त्यातून फसफसून बुडबुडे निघाले, म्हणजे त्यात चुनखडीसारखं काहीतरी होतं. तेवढ्यावरून उपायही ठरला. गीझरचं गरम पाणी बादलीने टबमध्ये ओतून पातळी वरपर्यंत नेली, त्यात 100 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवलं, दहा मिनिटं फिरवलं, तासभर तसंच ठेवलं आणि सोडून दिलं. त्यानंतर साध्या पाण्याचं एक आवर्तन. लिंबूसत्त्व वापरताना ब्लीच अजिबात नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

शेवटी नळी आतून कोरडी केली. तिच्यात पाण्याचा एक थेंब जरी अडकून राहिला, तरी तो बूच मारल्यासारखा बसतो आणि सेन्सरला पुन्हा चुकीचा दाब कळतो. मोटर बदलताना नळीची एक पट्टी सुटून ती मधे लोंबत होती, तीही परत बांधली, म्हणजे खोलगट जागी पाणी साठायला नको.

पुन्हा मधली पातळी लावली. पाणी थांबलं, पट्टी धरली: 24 सेंटिमीटर. पेन्सिलीची खूण सात सेंटिमीटर वर राहिली होती. टबाचा व्यास साधारण 50 सेंटिमीटर धरला तर एका भरण्यात 13-14 लिटर जास्त जात होते. धुणं आणि दोन वेळा खळबळणं, म्हणजे तीनदा भरणं, एका वेळच्या कपड्यांमागे 40 लिटर. आत्याची टंकी दुसऱ्या दिवशी दुपारी का संपत होती ते मी तिला बोटांवर मोजून दाखवलं. तिने ते आतोबांना जाऊन सांगितलं, कारण बोरिंगच्या विजेच्या बिलावरून त्या घरात दोन महिने धुसफूस चालू होती.

गाळ आला कुठून

या प्रश्नाशिवाय काम अर्धवट राहिलं असतं, कारण तीन महिन्यांनी नळी परत चोंदली असती.

माळव्याच्या काळ्या दगडातून येणाऱ्या बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. त्याला फेस कमी येतो, म्हणून आत्या पावडर वाढवत गेली होती, एका मापाच्या जागी दोन मापं. थंड पाण्यात ती पूर्ण विरघळत नाही. पावडरीतला सोडा आणि पाण्यातला चुना मिळून जे तयार होतं ते तळाशी बसतं. दुसरं, आतोबांच्या सदऱ्यांच्या कॉलरला ती आधी वडी घासते आणि कपडा तसाच मशीनमध्ये टाकते. कपडे धुण्याच्या वडीत चुनखडी आणि पांढरी माती यांसारखा भरणा असतो, तो पाण्यात विरघळतच नाही. गाळातली ती खर माझ्या मते त्याचीच. आणि मशीन जास्त पाणी घ्यायला लागल्यावर बोरिंग जास्त चालू लागलं, म्हणजे जड पाणी आणखी आलं. बिघाड स्वतःलाच खतपाणी घालत होता.

वडी सोड असं मी तिला म्हटलं नाही. चाळीस वर्षांची सवय आहे, आणि कॉलर खरंच तिच्यामुळे निघते. एवढंच सांगितलं की घासलेली कॉलर आधी मगभर पाण्यात खळबळ, मग मशीनमध्ये टाक. पावडर एकच माप, तीही कोमट पाण्यात विरघळवून. चादरींचा दिवस शक्यतो नर्मदा येईल तो. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व आणि गरम पाणी.

असाच कोड दुसऱ्या कारणांनीही येतो, ते इथेच सांगते. हात घातल्यावर टबात खरंच पाणी असेल तर ही नळी सोडून द्या. व्हॉल्व्हमध्ये नाणं, हेअरपिन किंवा बटण अडकलेलं असतं, नाहीतर निचऱ्याचा पाइप कोणीतरी उंचावर टेकवलेला असतो, नाहीतर ड्रेन मोटरच गेलेली असते. पाणी गेलं आणि नळीतून एकही बुडबुडा आला नाही, तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर बघायचा. मोटर गुणगुणते पण टब फिरत नाही, तर पट्टा, कपॅसिटर, क्लच. पिळायला लागून परत पाणी घेत असेल, तर बहुतेक कपडे एका बाजूला गोळा झालेले असतात.

नंतर

पाच आठवडे झाले. दर रविवारी आत्या चादरी धुते आणि पट्टी धरून मला पातळी कळवते. मी सांगितलं नव्हतं, तिने स्वतःच सुरू केलं. चार वेळा 24, एकदा 25. त्या 25च्या रविवारी तिने फोनवरच लिंबूसत्त्वाचं माप विचारून घेतलं आणि पुढच्या रविवारी 24 सांगितलं.

बोर्डाचे 4,800 वाचले. ड्रेन मोटरचे 1,450 गेले ते गेले. जुनी मोटर मेकॅनिक घेऊन गेला होता, नाहीतर ती चांगली होती हे मला तपासून बघायचं होतं.

एक गोष्ट अजून राहिली आहे. पिळताना मागच्या उजव्या कोपऱ्यातून करकर येते. टब ज्या चार दांड्यांवर लोंबतो त्यातल्या एकीची स्प्रिंग किंवा खालची प्लास्टिकची वाटी झिजली असावी. येत्या शनिवारी सुट्टी आहे. झाकण उघडून चारही दांड्या हाताने दाबून बघेन, झिजलेली नक्की कोणती ते ठरवेन, आणि मगच महाराणी रोडला भाग आणायला जाईन.